रुमालाच्या आधीचा आरोप

ऑथेल्लो म्हटलं की बहुतेकांना रुमाल आठवतो. बायकोचा रुमाल दुसऱ्याच्या हातात दिसला आणि संशयानं पेटलेल्या नवऱ्यानं तिचा जीव घेतला, अशी ती गोष्ट आपल्या डोक्यात बसली आहे. पण या नाटकात रुमालाच्या कितीतरी आधी एक आरोप होतो. आजच्या महाराष्ट्रात तो नीट वाचण्याची जास्त गरज आहे.

डेस्डिमोनाचा बाप ब्रबान्शियो रात्रीच व्हेनिसच्या ड्यूकपुढे जातो आणि तक्रार करतो, की या काळ्या मूर माणसानं माझ्या मुलीवर जादूटोणा केला, तिला काहीतरी पाजलं. नाहीतर आमची मुलगी त्याच्याकडे कशी जाईल? तिला तो माणूस मनापासून आवडला असेल, ही शक्यता बापाच्या मनाला शिवतही नाही.

सभा मुलीला बोलावून घेते. ती सगळ्यांसमोर सांगते, हा माझा नवरा आहे आणि मी स्वखुशीनं त्याची झाले आहे. तक्रार तिथंच संपते. सभेला न्यायाची फार चाड होती, असं नव्हे. तुर्की आरमार सायप्रसवर चालून येत होतं आणि लढायला ऑथेल्लो हवा होता. पण कारण काहीही असो, मुलीला विचारलं गेलं.

जाता जाता बाप जावयाला बजावतो, हिनं बापाला फसवलं, उद्या तुलाही फसवेल. तिसऱ्या अंकात इयागो हेच वाक्य उचलतो. वर जोडतो, की आपल्या रंगाची, आपल्या देशाची, आपल्या बरोबरीची स्थळं सोडून जी तुझ्याकडे आली, ती कधीतरी भानावर येईलच. ऑथेल्लो विचारात पडतो, की मी काळा आहे, मला दरबारी बोलणं येत नाही, म्हणून तर नसेल? रुमाल खाली पडतो तो यानंतर. म्हणजे पुरावा मागाहून आला. ‘तू इथला नाहीस’ हे त्याच्या मनात आधीच पेरून झालं होतं.

मराठीत हे नाटक फार लवकर आलं. महादेवशास्त्री कोल्हटकरांचं भाषांतर 1867 चं. गोविंद बल्लाळ देवलांनी 1890 मध्ये त्याचा ‘झुंझारराव’ केला. पुढे शिरवाडकरांनीही ‘ऑथेल्लो’ मराठीत आणला. देवलांकडे ऑथेल्लोचा झुंझारराव झाला, डेस्डिमोनाची कमळजा आणि इयागोचा जाधवराव. नावं इथलीच झाली, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला ही नवरा-बायकोच्या संशयाची शोकांतिका म्हणून भिडली. परकेपणाचा काटा मात्र बोथट झाला.

याच देवलांनी तीन वर्षांनी, 1893 मध्ये, ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिलं. 1916 मध्ये रंगभूमीवर आलेलं ‘संशयकल्लोळ’ ते हेच. तिथं रुमालाच्या जागी तसबीर आहे. फाल्गुनराव बायकोवर संशय घेतो, बायको त्याच्यावर, आणि आपण पोट धरून हसतो. रोग एकच, मग एकीकडे खून आणि दुसरीकडे हशा का? मला वाटतं, फाल्गुनराव घरचा माणूस आहे म्हणून. त्याचा संशय खोटा ठरला तरी त्याचं घर, गाव, जात, नातेवाईक जागेवर आहेत. त्याला कुणी म्हणणार नाही, की तू आलास तिकडे परत जा. ऑथेल्लोच्या पायाखाली बायकोच्या प्रेमाएवढीच जमीन होती. ती सरकली तेव्हा उभं राहायला दुसरी जागाच नव्हती. यानं त्याचा गुन्हा माफ होत नाही. डेस्डिमोना निरपराध मेली आणि मारणारा तोच. पण त्याला तिथपर्यंत कुणी ढकलत नेलं, हे विचारायलाच हवं.

ग्रीकांनी हा प्रश्न दोन हजार वर्षं आधी विचारला होता. इसवी सनापूर्वी 431 मध्ये युरिपिडीसचं ‘मीडिया’ अथेन्समध्ये झालं. जेसनसाठी मीडियानं बाप सोडला, देश सोडला. कोरिंथमध्ये आल्यावर जेसन राजाच्या मुलीशी लग्न लावतो आणि मीडियालाच सुनावतो, की तुला रानटी मुलखातून ग्रीकांच्या कायद्याच्या देशात आणलं, उपकार मान. मत्सरानं पेटून ती त्या नवरीला आणि शेवटी स्वतःच्या दोन मुलांनाही मारते. नाटककार तिला सोडवत नाही, पण तिची बाजू तिच्याच तोंडून मांडू देतो. आपल्या महाभारतात हिडिंबेला तेवढीही जागा नाही. भीम तिच्याबरोबर राहतो तो मुलगा होईपर्यंत. पुढे त्याच घटोत्कचाला युद्धात बोलावलं जातं आणि अर्जुनासाठी राखलेली कर्णाची शक्ती त्याच्यावर खर्ची पडते. हिडिंबेला काय वाटलं, ते कुणी विचारत नाही.

आपल्या मातीतही एक ऑथेल्लो होऊन गेला. हबशाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. शेक्सपिअर 1603-04 च्या सुमारास ‘ऑथेल्लो’ लिहीत होता, तेव्हा अंबर दख्खनेत मोगलांशी झुंजत होता. त्यानं आपली मुलगी मुर्तझा निजामशहाला दिली. पीटर व्हॅन डेन ब्रोक या डच व्यापाऱ्यानं लिहून ठेवलं आहे, की सुलतानाच्या इराणी बेगमेनं या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं. ते बापाच्या कानी गेलं आणि 1610 मध्ये सुलतानावर विषप्रयोग झाला. हकीकत एका परदेशी माणसाची आहे, ती तेवढ्याच सावधपणे घ्यावी. पण लक्षात घ्या, इथं बेगम मुसलमान, सुलतान मुसलमान आणि हिणवली गेलेली मुलगीही मुसलमान. परका ठरवायला वेगळा धर्म लागतोच असं नाही.

मुस्लिम वाचकांना मी आणखी एक प्रसंग आठवून देईन. बनू मुस्तलिकच्या मोहिमेवरून परतताना हजरत आयेशा (रजि.) यांचा गळ्यातला हार हरवला. तो शोधताना त्या मागे राहिल्या आणि मागून आलेल्या सफवान यांनी त्यांना तळापर्यंत आणलं. एवढ्यावरून मदिनेत कुजबुज उठली. प्रेषितांच्या (स.) घराला सुमारे महिनाभर ती सोसावी लागली. मग सूरह नूरच्या आयती आल्या. स्त्रीच्या चारित्र्यावर आरोप करायचा तर चार साक्षीदार आणा, नाहीतर ऐंशी फटके खा आणि पुढे तुमची साक्ष कायमची बाद. कुजबूज ऐकताच ही बनावट आहे असं का म्हणाला नाहीत, म्हणून ऐकणाऱ्यांनाही फटकारलं गेलं. ऑथेल्लोला एक रुमाल पुरला, इथं हारावरून बोलणाऱ्यांकडे चार साक्षीदार मागितले गेले.

आता आजचं बघू. 13 डिसेंबर 2022 ला महाराष्ट्र शासनानं आंतरजातीय-आंतरधर्मीय विवाह केलेल्या जोडप्यांची माहिती घेणारी समिती नेमली. टीका झाल्यावर काही दिवसांत आंतरजातीय शब्द वगळला, आंतरधर्मीय ठेवला. फेब्रुवारी 2025 मध्ये ‘लव्ह जिहाद’विरोधी कायद्याचा अभ्यास करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती आली. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची जाहीर नोटीस तर आधीपासूनच आहे. जबरदस्ती, फसवणूक, खोटं नाव सांगून केलेलं लग्न हे गुन्हेच आहेत आणि त्यांना शिक्षा व्हायलाच हवी. पण सज्ञान मुलीनं स्वतः सांगूनही तिच्यावर जादू झाली असं गृहीत धरणं, म्हणजे सरकारनं ब्रबान्शियोची भूमिका घेणं आहे. ड्यूकच्या सभेनं केलं तेवढं तरी करा, तिला विचारा.

हे मी फक्त सरकारला सांगत नाही. आपली मुलगी समाजाबाहेर लग्न करते तेव्हा मोहल्ल्यातही तीच भाषा निघते, की फूस लावली, डोकं फिरवलं. मुलानं बाहेरची मुलगी आणली तर मिठाई आणि मुलगी गेली तर बदनामी, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे. तो आपल्या घरात खोडल्याशिवाय दुसऱ्याच्या घरातल्या बापाला नावं ठेवण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही.

पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकमध्ये 1895 साली विनोबा भावे जन्मले. पुढे त्यांनी अरबी शिकून कुरआन वाचलं आणि त्याचं सार काढलं. त्यांनी सांगितलेली घरची एक आठवण आहे. गागोद्याच्या घरात एक अंध काका राहायचे आणि सगळे त्यांना घरचेच समजत. कुटुंब बडोद्याला गेल्यावर काका वारल्याचं पत्र आलं, पण आईनं आंघोळ केली नाही, सुतक पाळलं नाही. विनोबांनी विचारलं तेव्हा कळलं, की ते नात्याचे कुणीच नव्हते. अडचणीत होते, म्हणून घरात राहिले. घरातल्या मुलाला हे कळायला त्या माणसाचा मृत्यू व्हावा लागला, इतकं त्यांचं परकेपण त्या घरानं विसरून टाकलं होतं. हे घर आपल्याच रायगडातलं आहे आणि फार जुनंही नाही.