दोष थायरॉइडचा, दुर्लक्ष यकृताकडे

वजन वाढले की त्याचे खापर थायरॉइडच्या माथी फोडण्याची रीत आपल्या मध्यमवर्गात चांगलीच रुजली आहे. कचेरी असो वा शिक्षकांची खोली, ‘थायरॉइडमुळे वजन वाढले आहे’ एवढे म्हटले की पुढचे सारे प्रश्न मिटतात. त्याच माणसाच्या यकृतात मेद साचत असेल, तर त्याची विचारपूस मात्र सहसा होत नाही. कारण यकृत लवकर कुरकुरत नाही; आणि ते कुरकुरू लागते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

थायरॉइड, यकृत आणि स्थूलपणा यांचा परस्परसंबंध आहे, यात शंका नाही. यकृतातील मेदाचे ज्वलन आणि रक्तातील कोलेस्टेरॉलचा निचरा ही कामे बऱ्याच अंशी थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकाच्या हुकमतीखाली चालतात. ते कमी पडले की मेद साठण्यास वाव मिळतो. यकृतात या संप्रेरकाचे काम करणारे रेस्मेटिरोम हे औषध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये मान्य केले, ते याच ज्ञानाच्या आधारावर.

परंतु संबंध म्हणजे कारण नव्हे. दोन गोष्टी बरोबरीने वाढल्या म्हणून एक दुसरीची जननी ठरत नाही. कधी नाते उलटेही असते. शरीरात मेद वाढला की मेदपेशींतून निघणारे लेप्टिन मेंदूमार्फत टीएसएचचे प्रमाण वाढवू शकते, आणि वजन उतरल्यावर ते अनेकदा खालीही येते. म्हणजे अहवालातील किंचित वाढलेला आकडा हा स्थूलपणाचे कारण नसून परिणाम असू शकतो. शिवाय थायरॉइडच्या मंदपणामुळे वाढणारे वजन बहुधा काही किलोंचेच असते आणि त्यात क्षार व पाण्याचा वाटा मोठा असतो. वीस किलोंच्या ओझ्याचा हिशेब त्यातून लागत नाही.

या गैरसमजाची किंमत दुहेरी आहे. मंद थायरॉइडवर गोळी अवश्य घ्यावी. पण ती वजन उतरविण्याची गोळी नव्हे. मनाने मात्रा वाढविणाऱ्यांच्या वाट्याला हृदयाची धडधड आणि हाडांची झीज येते. दुसरे असे की, गोळी सुरू झाली म्हणजे सारे मार्गी लागले, या समजुतीने यकृताची तपासणी राहूनच जाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष जादा वजनाचे वा स्थूल आढळले. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये यकृतातील मेदाच्या विकाराचा असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश केला, हे योग्यच झाले. आता प्रश्न अंमलबजावणीचा आहे. वय, यकृताच्या दोन एन्झाइमांचे आकडे आणि प्लेटलेटची संख्या एवढ्यावरून यकृतात तंतुमय व्रण झाल्याची शक्यता वर्तविणारे ‘फिब-४’ हे गणित कोणत्याही लेखनिकाला मांडता येईल. पस्तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्थूल रुग्णाच्या थायरॉइडबरोबर त्याच्या यकृताचीही अशी चाचपणी प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

येथे अर्थकारणाचा मुद्दा येतो. रेस्मेटिरोमची अमेरिकेतील जाहीर किंमत बाजारात येताना वर्षाला ४७,४०० डॉलर होती. ज्या देशात २०२१-२२ च्या अधिकृत लेख्यांनुसार आरोग्यावरील एकूण खर्चापैकी ३९.४ टक्के भार कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून उचलला, तेथे अशा औषधावर भिस्त ठेवणे परवडणारे नाही. याउलट वजन पाच टक्के घटले तरी यकृतातील मेद कमी होतो, आणि सात ते दहा टक्के घटले तर दाहही ओसरू लागतो. ऐंशी किलोंच्या माणसाला हा सौदा चार ते आठ किलोंचा आहे. त्यासाठी चालण्याजोगे रस्ते, खेळाची मैदाने आणि शाळा-कचेऱ्यांच्या उपाहारगृहांत तळणाला पर्याय लागतात, आणि ही जबाबदारी एकट्या रुग्णाची नव्हे. थायरॉइडला दोष देणे फुकट पडते, असे वाटते खरे. पण त्याचे बिल पुढे यकृताच्या नावावर येते, आणि ते चुकते करताना संसार मोडतात.