दोन कायद्यांची एकच शाळा

मे २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांची निवड झाली, तेव्हा ते पहिले अमेरिकी पोप आहेत याचीच चर्चा जगभर झाली. त्यांनी 'कॅनन लॉ' म्हणजेच चर्चच्या कायद्यात डॉक्टरेट मिळवली आहे, याकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले. २०२५ पर्यंत मुंबईचे आर्चबिशप असलेले कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस हेही याच विषयाचे जाणकार. आजच्या काळात हा कायदा शिकून काय साधते आणि सामान्य माणसाशी त्याचा संबंध काय, हे समजून घ्यायचे तर पोलंडमधील लुब्लिन शहराकडे पाहावे लागेल.

तेथील जॉन पॉल द्वितीय कॅथलिक विद्यापीठात देशाचा कायदा, चर्चचा कायदा आणि प्रशासन हे तिन्ही विषय एकाच विद्याशाखेत शिकवले जातात. कायद्याचा अभ्यासक्रम सलग पाच वर्षांचा आहे. त्यातून पुढे न्यायाधीश आणि वकील घडतात, तर प्रशासनाचे विद्यार्थी सरकारी आणि पालिका कार्यालयांची वाट धरतात. कॅनन लॉचे पदवीधर प्रामुख्याने चर्चच्या न्यायालयांत आणि धर्मप्रांतांच्या कारभारात काम करतात. हे क्षेत्र आता केवळ धर्मगुरूंचे राहिलेले नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये केलेल्या सुधारणांनुसार, विवाहाच्या खटल्यातील तीन न्यायाधीशांपैकी दोघे सामान्य श्रद्धाळू असू शकतात.

या विद्यापीठाची स्थापना १९१८ मध्ये, पोलंड स्वतंत्र होत असतानाच झाली. १९३९ मध्ये नाझींनी ते बंद पाडले. १९४४ मध्ये ते पुन्हा उघडले. पुढे साम्यवादी राजवट आली आणि एक विचित्र गोष्ट घडली. सरकारने कॅनन लॉचे शिक्षण चालू दिले, पण देशाचा कायदा शिकवणारी विद्याशाखा १९५२ मध्ये बंद केली. चर्चने आपला कायदा आपल्यापुरता शिकवावा. न्यायाधीश आणि अधिकारी मात्र सरकारच्याच मुशीतून बाहेर पडावेत, हा त्यामागचा हिशेब उघड होता. याच विद्यापीठात १९५४ पासून नीतिशास्त्र शिकवणारे कारोल वोयतिवा १९७८ मध्ये पोप जॉन पॉल द्वितीय झाले आणि १९८३ मध्ये त्यांनीच १,७५२ कलमांची नवी चर्च संहिता जारी केली. त्याच दशकात लुब्लिनमध्ये देशाच्या कायद्याचे शिक्षणही परतले.

हे दोन कायदे एका छपराखाली शिकवण्याचे महत्त्व कळते ते विवाहाच्या प्रश्नात. पोलंड आणि व्हॅटिकन यांच्यात १९९३ मध्ये झालेला करार १९९८ पासून अमलात आहे. चर्चमध्ये लागलेल्या विवाहाची सूचना धर्मगुरूने पाच दिवसांत सरकारी नोंदणी कार्यालयाला दिली की, अन्य अटी पूर्ण असल्यास, त्याला नागरी मान्यता मिळते. पण संसार मोडला की वाटा वेगळ्या होतात. विवाह धर्मदृष्ट्या मुळात वैध होता की नाही, हे चर्चचे न्यायालय ठरवते; घटस्फोट, पोटगी आणि मुलांचा ताबा हे सरकारी न्यायालयाचे विषय. एका न्यायालयाचा निकाल दुसऱ्याला बांधील नसतो. चर्चने मोकळे केलेली व्यक्ती कायद्याने विवाहितच असू शकते. हे पक्षकाराला वेळीच सांगणारा वकील दोन्ही कायदे जाणणाराच हवा.

भारतातील कॅथलिकांना हा प्रश्न परका नाही. चर्चने विवाह अवैध ठरवला तरी नागरी न्यायालयाच्या हुकमाशिवाय तो कायद्याने संपत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घेतली. चर्चच्या न्यायालयांच्या निर्णयांना मान्यता मागणारी जनहित याचिकाही न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली. पोर्तुगीजकालीन विवाह कायद्यामुळे गोव्याची स्थिती वेगळी आहे. परंतु मुंबई-वसईतील कॅथलिक व्यक्तीने केवळ चर्चच्या निकालावर विसंबून दुसरा विवाह केला, तर द्विभार्या प्रतिबंधाच्या गुन्ह्याची टांगती तलवार तिच्यावर राहते.

दोन कायद्यांमधील सीमारेषा पुसट झाली की काय होते, हे बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांनी याहून कठोरपणे दाखवले. अनेक देशांत अशा तक्रारी वर्षानुवर्षे चर्चच्या चार भिंतींतच राहिल्या. पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१९ मध्ये या खटल्यांवरील 'पोपच्या गुप्ततेचे' बंधन उठवले आणि २०२१ मध्ये चर्चच्या दंडसंहितेची फेररचना केली. पोलंडनेही २०१७ पासून बालकांवरील गंभीर लैंगिक गुन्ह्यांची माहिती तपास यंत्रणांना कळवणे बंधनकारक केले. चर्च आपल्या धर्मगुरूला पदावरून दूर करू शकते. त्याला तुरुंगात धाडण्याचा अधिकार राज्याचाच आहे. ही बाब धर्मप्रांताच्या कार्यालयात बसलेल्या कायदेतज्ज्ञाला ठाऊक नसेल, किंवा ठाऊक असूनही तो गप्प राहिला, तर त्याची किंमत पीडित मुलाला मोजावी लागते.

धार्मिक विद्यापीठाने देशाचा कायदा शिकवावा का, असा आक्षेप घेता येतो. विद्यार्थ्याची निष्ठा नेमकी कोणाशी, ही शंकाही रास्त आहे. मात्र दोन्ही कायदे वेगवेगळ्या दालनांत, एकमेकांकडे पाठ करून शिकवल्याने ती शंका मिटत नाही. लुब्लिनसारख्या संस्थांची खरी परीक्षा त्यांच्या पदवीधरांना चर्चची कलमे किती पाठ आहेत, यात नाही. चर्चचा अधिकार कोठे संपतो हे त्यांना कळते का, आणि प्रसंगी ते बिशपांना तसे सांगू शकतात का, यात ती आहे.