रानमेव्याच्या लेबलावर काय छापावे?

तोरणे आणि करवंदे आता तोंडावर आली आहेत. त्यांच्यामागून रातांबे येतील आणि पाऊस पडण्याच्या सुमाराला जांभळे. कोकणात आणि घाटमाथ्यावर रानफळांवर प्रक्रिया करणाऱ्या लहान-मोठ्या उद्योगांची साखर, बरण्या, बाटल्या यांची जमवाजमव सुरू झाली असेल. नव्या लेबलांचा मजकूरही ठरत असेल. या मजकुरात गेली काही वर्षे एक शब्द हटकून असतो: अँटिऑक्सिडंट. करवंदाचा जॅम असो, जांभळाचे सरबत असो की आवळ्याची सुपारी, ‘अँटिऑक्सिडंटचा खजिना’ ही ओळ ठरलेली, आणि अलीकडे तिच्या जोडीला प्रयोगशाळेतून करून आणलेला एखादा आकडाही असतो. ही ओळ आणि हा आकडा दोन्ही लेबलावरून काढावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. आकडा खोटा असतो असा आमचा आरोप नाही. पण तो ग्राहकाच्या प्रकृतीबद्दल काहीच सांगत नाही, आणि ग्राहक मात्र तो प्रकृतीसाठीच वाचतो.

हा आकडा निघतो कसा, हे पाहिले म्हणजे मुद्दा ध्यानात येतो. सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांत प्रचलित चाचणी डीपीपीएचची. फळाचा गर वाळवून त्याचा मिथेनॉलमध्ये अर्क काढतात, तो डीपीपीएचच्या गर्द जांभळ्या द्रावणात मिसळतात, अर्धा तास अंधारात ठेवतात आणि जांभळा रंग किती फिकटला ते ५१७ नॅनोमीटरवर मोजतात. रंग पिवळट होत गेला की अर्कात मुक्त मूलकांना शमवणारे पदार्थ आहेत, एवढे सिद्ध होते. हे पदार्थ कोणते, ते आतड्यातून रक्तात जातात का, हे ही चाचणी सांगत नाही. मिथेनॉलऐवजी पाणी घेतले तर आकडा बदलतो. वाळलेल्या गराच्या हिशेबाने काढलेला आकडा ताज्या फळाच्या कितीतरी पट दिसतो, कारण जांभळासारख्या फळात चार-पंचमांशाहून अधिक पाणीच असते. निकाल अनेकदा निम्मा रंग घालवायला लागणाऱ्या अर्काच्या प्रमाणात देतात. तिथे आकडा जितका लहान तितकी क्षमता जास्त, ही उलटी रीत माहीत नसल्याने मोठा आकडा अभिमानाने मिरवला जातो. एकूण फिनॉल मोजणारी फोलिन-चिओकाल्टो चाचणीही क जीवनसत्त्व आणि काही साखरा यांना फिनॉलमध्येच धरते. शिवाय अनेक फळांच्या बियांचे आणि सालींचे आकडे गरापेक्षा चांगले येतात. जांभळाच्या बीचा आकडा सरबताच्या बाटलीवर छापणे ही उघड दिशाभूल आहे, मग ती अजाणता का झालेली असेना.

शरीरात काय घडते, हा पुढचा प्रश्न. रंगीत फळांतले अँथोसायनिन मूळ रूपात फार थोडे रक्तात पोचते. बरेचसे आतड्यातले जिवाणू मोडून टाकतात. रक्तात स्वतःचे युरिक आम्ल, क जीवनसत्त्व, पेशींतले ग्लुटाथायोन असा साठा आधीच असतो, आणि त्यापुढे फळातून आलेल्या अँथोसायनिनसारख्या पॉलिफेनॉलची मात्रा नगण्य ठरते. लोटिटो आणि फ्राय या अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले की सफरचंदासारखी फळे खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढलेली दिसते, तिचे मोठे कारण पॉलिफेनॉल नसून फळातल्या फ्रुक्टोजमुळे वाढलेले युरिक आम्ल असते. अमेरिकेच्या कृषी खात्याने २००७ पासून प्रसिद्ध केलेली ओरॅक या अशाच अँटिऑक्सिडंट चाचणीच्या आकड्यांची सूची २०१२ मध्ये मागे घेतली. या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध दिसत नाही आणि उत्पादक त्यांचा गैरवापर करतात, अशी कारणे खात्यानेच दिली. त्याहून गंभीर धडा बीटा कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांचा आहे. फिनलंडमधल्या एकोणतीस हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत, १९९४ च्या निष्कर्षांनुसार, गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला. नळीत गुणकारी ठरलेला पदार्थ शरीरात हितकारकच ठरेल, हे गृहीतक त्यानंतर कुणी बिनदिक्कत धरू नये.

यावर आहारतज्ज्ञांचा एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. फळे भरपूर खाणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळते, हे अनेक देशांतल्या पाहण्यांतून दिसले आहे. मग रानफळांचा गुण का नाकारायचा? आम्ही तो नाकारत नाही. पॉलिफेनॉल मुक्त मूलके शमवण्याखेरीज इतर मार्गांनी, पेशींना संकेत देऊन किंवा आतड्यातल्या जिवाणूंमार्फत, उपयोगी पडत असतील अशी शक्यता भक्कम आहे. पण तो लाभ आख्ख्या फळाचा, त्यातल्या चोथ्याचा आणि एकूण आहाराचा असतो. आपण विकतो काय? जॅममध्ये कायद्याने किमान ६५ टक्के विद्राव्य घनपदार्थ लागतात, आणि त्यात मोठा वाटा घातलेल्या साखरेचा असतो. लगेच पिण्याच्या सरबतात फळाचा रस किमान १० टक्के असला तरी नियम पाळला जातो. बांधावरच्या ओंजळभर करवंदांचे पुण्य या बाटलीला आपोआप लागत नाही.

दुसरा आक्षेप धंद्याचा आहे आणि तो अधिक जिव्हारी लागणारा आहे. परदेशी ब्लूबेरी याच शब्दावर चढ्या भावाने खपते. बचत गटाच्या जांभळाने तेवढे का म्हणू नये? कारण असे की या स्पर्धेत लहान उत्पादक कायमचा मागे राहील. ज्याच्याकडे जाहिरातीचा पैसा आहे, तो उद्या याहून मोठा आकडा आणील. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे जाहिरात व दावेविषयक २०१८ चे नियम दाव्याला शास्त्रीय आधार मागतात. नोटीस आली तर वकील आणि तज्ज्ञ उभे करण्याची ऐपत आपल्यापैकी कितीजणांची आहे? युरोपातल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये पदार्थांच्या सरसकट अँटिऑक्सिडंट गुणांचे दावे पुराव्याअभावी फेटाळले. क जीवनसत्त्व पेशींना ऑक्सिडीकरणापासून जपायला मदत करते, हा दावा मात्र त्याच प्राधिकरणाने ग्राह्य धरला आहे. आवळ्यावर काम करणाऱ्यांसाठी यात सरळ वाट आहे: तयार मालातले क जीवनसत्त्व मोजा आणि तेच छापा. पुस्तकातला आकडा उचलू नका. जुन्या भारतीय तक्त्यांत ताज्या आवळ्याच्या १०० ग्रॅममागे ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिलेले होते. २०१७ च्या राष्ट्रीय तक्त्यांत ते सुमारे २५० आहे. सुकवलेल्या, पाकवलेल्या आवळ्यात ते आणखी घटते.

डीपीपीएचची खरी जागा कारखान्याच्या आत आहे. एकच फळ, एकच पद्धत, आणि मोजणी प्रक्रियेच्या आधी व नंतर. असे केले तर हीच स्वस्त चाचणी फार काही शिकवते. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनचा. तो आम्लात टिकतो, पण उष्णता, उजेड आणि हवा यांनी उडतो, आणि लोखंडी भांड्याचा स्पर्श झाला तर काळपटतो. पारदर्शक बाटलीत दुकानाच्या दर्शनी फळीवर महिनोन्‌महिने ठेवलेले कोकम तपकिरी झालेले आपण सगळेच पाहतो. तिथे रंगाबरोबर गुणही गेलेला असतो. पाश्चरीकरणाचे तापमान थोडे उतरवले, बाटली गडद काचेची घेतली, रस काढल्यावर ताटकळत ठेवला नाही, तर किती फरक पडतो हे आधी-नंतरच्या मोजणीतून कळते. चाचणीवर खर्च होणारा पैसा इथे वसूल होतो.

तेव्हा वाचक उद्योजकांना विनंती अशी की, प्रयोगशाळेकडे नमुना देताना फळाचा कोणता भाग, कोणता द्रावक, ताज्या वजनावर की वाळलेल्या, हे निकालपत्रात लिहून मागा. आणि फळाइतकाच तयार मालाचाही नमुना द्या, एक ताजा आणि एक सहा महिने ठेवलेला. लेबलावर दर्शनी बाजूला फळाचे टक्के, घातलेली साखर आणि फळ कुठल्या रानातले ते छापा.