बिल भरताय? मग हेही विचारा

हॉटेलात बिल भरलं की आपला हिशेब संपतो, पण पैशांचा प्रवास तिथून पुढे सुरू होतो. भाडं, पगार, माल वजा जाता उरतो तो मालकाचा नफा. त्याने तोच नफा तुमच्या एखाद्या मित्राचा लग्नाचा हक्क काढून घ्यायला वापरला, तर तुम्ही पुन्हा तिथे जेवाल?

कॅलिफोर्नियातल्या लोकांना 2008 मध्ये हा प्रश्न पडला. मे महिन्यात तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क दिला. तो रद्द करणारा 'प्रपोझिशन 8' हा प्रस्ताव नोव्हेंबरमध्ये मतदानाला आला आणि मंजूरही झाला. दोन्ही बाजूंनी मिळून प्रचारावर 8 कोटी डॉलरहून जास्त पैसा ओतला. तिथे 100 डॉलर किंवा त्याहून जास्त देणगी देणाऱ्याचं नाव जाहीर होतं, त्यामुळे कुणी किती दिले ते सगळ्यांना दिसलं.

सॅन डिएगोतल्या 'मँचेस्टर ग्रँड हयात' या हॉटेलचे मालक डग मँचेस्टर यांनी प्रस्तावाच्या बाजूने 1 लाख 25 हजार डॉलर दिले होते. समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते आणि कामगार संघटना यांनी मिळून या हॉटेलवर बहिष्कार टाकला. 2011 मध्ये हॉटेल विकलं गेलं, तेव्हा तो उठला. याच यादीवरून लॉस एंजेलिसमधल्या एका जुन्या रेस्टॉरंटसमोरही निदर्शनं झाली. तिथल्या मॅनेजर बाईंनी स्वतःच्या खिशातून 100 डॉलर दिले होते. गिऱ्हाईक रोडावलं आणि झळ कामगारांनाही बसली. त्यांच्यात गे मुलंही होती.

या दोन्हींना बहिष्कारच म्हणायचं? आपल्या मराठीत या शब्दाचे दोन चेहरे आहेत. एक 1905 मध्ये पुण्यात झालेल्या परदेशी कापडाच्या होळीचा. दुसरा जातपंचायतीने एखाद्या घराला वाळीत टाकण्याचा. तो थांबवायला महाराष्ट्राला 2016 मध्ये कायदा करावा लागला. पहिल्यात माल नाकारतात, दुसऱ्यात माणूस. मँचेस्टर यांच्या हॉटेलात न राहणं पहिल्या जातीचं. 100 डॉलरसाठी कुणाच्या रोजीरोटीवर उठणं दुसऱ्याकडे झुकतं.

'मालकाला त्याचं मत असू नये का?' असं कुणी तुम्हाला विचारेलच. असावं की! त्याने ते खुशाल मांडावं. पण त्या मताच्या प्रचाराचा खर्च आपल्या खिशातून का जावा? दुसऱ्या दुकानात जाण्याचं स्वातंत्र्य आपल्यालाही आहे.

आता राहिला परिणामाचा मुद्दा. 'चिक-फिल-ए' या अमेरिकी फास्टफूड कंपनीच्या फाउंडेशनने समलिंगी विवाहाला विरोध करणाऱ्या संस्थांना लाखो डॉलर दिले होते. 2012 मध्ये कंपनीचे डॅन कॅथी या विवाहांविरोधात उघड बोलले आणि बहिष्काराची हाक आली. उलट 1 ऑगस्टला समर्थकांनीच दुकानांबाहेर रांगा लावल्या. विक्रमी विक्री झाली! नुसता आरडाओरडा समोरच्याचा गल्ला भरतो, तो असा.

कॉलेज कॅम्पसवर काम करणाऱ्या 'कॅम्पस प्राइड' या संस्थेने मात्र बहिष्कारासोबत चर्चाही केली. तिचे प्रमुख शेन विंडमायर कॅथींना भेटले, देणग्यांची कागदपत्रं पाहिली. सर्वांत कडव्या संस्थांचा निधी थांबल्याचं दिसल्यावर त्यांनी मोहीम स्थगित केली. तरी वाद मिटला नाही, टीकाकारांचा पाठपुरावा सुरूच राहिला. 2019 मध्ये फाउंडेशनने आणखी दोन वादग्रस्त देणग्या बंद करत असल्याचं जाहीर केलं.

म्हणून मित्रांनो, कुठलीही बहिष्काराची पोस्ट पुढे ढकलण्याआधी तीन गोष्टी तपासा. पैसे खरंच दिले का, की नुसतं मत मांडलं? ते धंद्याच्या मालकाने दिले, की तिथे राबणाऱ्या कुणी? आणि काय केलं की आपण बहिष्कार मागे घेणार? तिसऱ्याचं उत्तर आधीच ठरवून मालकाला कळवा. नाहीतर त्याने तरी बदलायचं कशासाठी?