तेल पाजलेली गुलेल

परसातल्या जामाची फांदी मी गेल्या दिवाळीनंतर तोडली. जाम म्हणजे पेरू, हे पुण्याहून येणाऱ्या नातवाला दर उन्हाळ्यात नव्यानं सांगावं लागतं. तो गलोल म्हणतो, मी गुलेल म्हणतो. बेचकं मात्र दोघांनाही एकाच नजरेत आवडलं होतं. दोन्ही शिंगं सारख्या जाडीची, मूठ किंचित वाकडी. सहा महिने ते सावलीत, माळ्यावर पडून होतं. ओलं लाकूड घाईनं तासलं की उन्हात तडकतं, आणि वर्ध्याचं ऊन तर सागवानालाही सोडत नाही.

मे महिन्यात आजोबा-नातवांनी मिळून ते घासलं. आधी कानस, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120, मग 220. त्यानंतर ओल्या फडक्यानं पुसून वाळू दिलं. पाणी लागलं की दबलेले रेशे उभे राहतात. ते पुन्हा घासले की लाकूड बाळाच्या गालासारखं होतं. नातवाला वाटलं, झालं काम. त्यानं आजीची खोबरेलाची बाटली आणली.

मला हसू आलं, कारण साठेक वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं. खोबरेल चोपडून गुलेल खुंटीला टांगली. आठ दिवसांनी पाहतो तर चिकट, वर धूळ आणि एक मुंगळा. गल्लीतल्या सुतारबुवांनी ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "काहून बे, लाकडाले का केसं हायेत? तेल लावत नाही बाप्पा लाकडाले, पाजतात. अन् तेही जवसाचं."

जवसच का, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मला कॉलेजात कळलं. खोबरेल कधी वाळतच नाही. जवसाचं तेलही खरं तर पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि लाकडाच्या रंध्रांत घट्ट पापुद्रा धरतात. तेलाची ही भूक आयोडीन अंकानं मोजतात. खोबरेलाचा दहाच्या आसपास, तिळाचा 110 च्या आगेमागे, करडईचा 145 च्या जवळपास, जवसाचा 170 च्या वर. गंमत अशी की डॉक्टर आज ज्या ओमेगा-3 साठी जवसाची चटणी खायला सांगतात, तेच आम्ल इथं सुताराच्या कामी येतं. ज्या गुणानं हे तेल बरणीत लवकर खवट होतं, त्याच गुणानं लाकडावर ते टिकतं. क्रिकेटच्या बॅटला अळशीचं, म्हणजे जवसाचंच, तेल पाजतात ते याचसाठी. लिनोलियमच्या नावातही जवस आणि तेल हेच दोन लॅटिन शब्द आहेत.

आता हे तेल आणायला मला लांब जावं लागायला नको होतं. हे गावच घाणीचं. 1934 साली गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला तो इथं, जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत. संघाचं काम पाहणारे कुमारप्पा तिथं होते. झवेरभाई पटेलांनी बैलघाणीवर खटपट करून तिला जे रूप दिलं, ते देशभर 'वर्धा घाणी' म्हणूनच ओळखलं गेलं. पण जवसाची निळी फुलं मात्र आमच्या रब्बीतून हळूहळू दिसेनाशी झाली. सोयाबीन, कपाशी, तूर, चणा यांच्या गर्दीत जवस धुऱ्याकडेला सरकलं. मी चार दुकानं हिंडलो. हार्डवेअरवाल्यानं बेलतेलाचा, म्हणजे कढवलेल्या जवसतेलाचा, डबा पुढे केला. दारं-खिडक्यांना ते उत्तम, लवकर वाळतं. पण वाळायची ती घाई त्यात घातलेल्या धातूंच्या क्षारांमुळे असते. पूर्वी तर मुरदाडशिंग घालून तेल कढवत, म्हणजे शिसंच. पोरं गुलेल हातात कमी आणि तोंडात जास्त धरतात. म्हणून शेवटी लाकडी घाणीचं कच्चं तेल घेतलं, खाण्याचंच. करडईचंही चाललं असतं. ते जवसासारखं पिवळं पडत नाही. पण मला तो पिवळेपणा हवा होता. जामाचं फिकट लाकूड त्यानं मधासारखं होतं.

पहिला हात कोमट तेलाचा. लाकूड अधाशासारखं पितं, विशेषतः शिंगांच्या कापलेल्या टोकांना. वीस मिनिटं थांबायचं आणि उरलेलं सगळं, अगदी सगळं, पुसून काढायचं. जास्त ठेवलं तर वरची साय वाळते, आतलं तसंच राहतं, आणि माझी ती मुंगळेवाली गुलेल परत जन्माला येते.

पुसलेला बोळा मी एकदा सवयीनं कोपऱ्यात टाकला होता. तासाभरानं उचलायला गेलो तर चांगला गरम. ऑक्सिजन घेताना तेल तापतं, आणि गुंडाळलेल्या फडक्यातून ती ऊब बाहेर पडत नाही. अशा बोळ्यांनी आपोआप पेट घेतलेला आहे. आता फडकं पाण्यात बुडवतो किंवा दोरीवर पसरून वाळवतो. हे नातवाला दोनदा सांगितलं. तेल कशानं वाळतं हे तो विसरला तरी चालेल.

दुसरी ताकीद रबराची. गुलेल ही गोफणीसारखी पुरातन चीज नव्हे. मातीच्या गोळ्या मारायचं धनुष्य म्हणून तिचं नाव जुनं आहे, पण बेचकं आणि रबर ही जोडी गुडइयरनं 1839 मध्ये गंधक घालून रबर टिकाऊ केल्यानंतरची. आणि रबराचा वैरी म्हणजे तेल. त्यानं ट्यूबची पट्टी फुगते, सैल होते आणि नेमक्या ताणाच्या क्षणी तुटून डोळ्याकडे येते. म्हणून तेल पूर्ण मुरल्याशिवाय पट्टी बांधायची नाही. नेम कशावर? पाखरांवर तर नाहीच; 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. शिवाय टिनाचा डबा पडतो तेव्हा आवाज जास्त चांगला येतो.

मेच्या उन्हात एकेक हात चार दिवसांत वाळत होता. तीन झाले. चौथा दिला आणि मृग आला. हवा दमट, तेलानं अंग आवरलं. नातवाची शाळा जूनच्या मध्यावर उघडते. आमच्या विदर्भातल्यासारखी महिनाअखेरीस नाही. शनिवारचं महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट आहे. तो रोज सकाळी खुंटीपाशी उभा राहतो.

काल संध्याकाळी मी मुठीवर अंगठा दाबून पाहिला. ठसा उमटला. मग त्यानंही दाबला, माझ्या ठशाच्या बाजूला, छोटा. पट्टी पुण्यातच बांधावी लागणार असं दिसतंय.