विशेष अभियोक्ता आणि आरोपपत्राबाहेरचे गुन्हे

१८ नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेचे ॲटर्नी जनरल मेरिक गार्लंड यांनी माजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या चौकशीसाठी जॅक स्मिथ यांची विशेष अभियोक्ता म्हणून नेमणूक केली. २०२० च्या निवडणुकीनंतर सत्तांतर रोखण्याचे प्रयत्न आणि गोपनीय सरकारी कागदपत्रे स्वतःच्या निवासस्थानी ठेवणे ही दोन प्रकरणे त्यांच्याकडे सोपवण्यात आली. दोन्हींत आरोपपत्रे दाखल झाली. मात्र २५ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच स्मिथ यांनी ट्रम्प यांच्यावरील कारवाई थांबवण्यासाठी न्यायालयांत अर्ज केले. या दोन वर्षांत आरोपी निर्दोष ठरला नव्हता. तो पुन्हा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला होता, आणि पदावरील राष्ट्राध्यक्षावर खटला चालवता येत नाही हे अमेरिकी न्यायखात्याचे धोरण होते.

कायद्यापुढे सर्व समान असल्याचा डांगोरा जगभर पिटणाऱ्या राज्यव्यवस्थेचा हा अनुभव आहे. तो व्यक्तीच्या स्वभावदोषावर किंवा निवडणुकीच्या योगायोगावर ढकलून मोकळे होता येणार नाही. माजी राज्यकर्त्याच्या चौकशीसाठी विशेष अभियोक्ता, म्हणजे खास सरकारी वकील, नेमावा लागतो, तेव्हा नेहमीची न्याययंत्रणा सत्तेपर्यंत पोहोचू शकत नाही हे सरकारच मान्य करत असते. मग ही विशेष यंत्रणा तरी कुठपर्यंत पोहोचते आणि कुठे थांबते, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर पन्नास वर्षांच्या इतिहासात आहे.

धन्याची चौकशी करणारा नोकर

१७ जून १९७२ च्या पहाटे वॉशिंग्टनमधील वॉटरगेट इमारतीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत शिरलेले पाच जण पकडले गेले. या घरफोडीचे धागेदोरे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या निकटवर्तीयांपर्यंत जाऊ लागले, तेव्हा मे १९७३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक आर्चिबाल्ड कॉक्स यांना विशेष अभियोक्ता नेमण्यात आले. जुलैमध्ये एक गोष्ट उघड झाली. निक्सन आपल्या कार्यालयातील सर्व संभाषणे ध्वनिफितींवर मुद्रित करून ठेवत होते. कॉक्स यांनी त्या फिती मागितल्या आणि त्यांच्या अधिकाराची दोरी कोणाच्या हाती आहे हे लगेच दिसून आले.

२० ऑक्टोबर १९७३ च्या शनिवारी निक्सन यांनी कॉक्स यांना बडतर्फ करण्याचा हुकूम सोडला. ॲटर्नी जनरल एलियट रिचर्डसन यांनी तो पाळण्याऐवजी राजीनामा दिला. त्यांचे उपप्रमुख विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार दिला व तेही पदावरून गेले. अखेर तिसऱ्या क्रमांकाचे अधिकारी रॉबर्ट बोर्क यांनी हुकूम अमलात आणला. एका रात्रीत चौकशी करणारा गेला आणि ज्याची चौकशी व्हायची तो जागच्या जागी राहिला.

मात्र हिशेब चुकला. देशभरातून निषेधाच्या तारांचा पाऊस पडला, महाभियोगाची मागणी रस्त्यावर आली आणि संसदेत ठराव दाखल होऊ लागले. निक्सन यांना काही फिती द्याव्या लागल्या आणि १ नोव्हेंबरला लिऑन जॉवर्स्की या नव्या विशेष अभियोक्त्याची नेमणूक मान्य करावी लागली. २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने उरलेल्या फिती हवाली करण्याचा आदेश दिला, आणि ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले. ‘व्यवस्था कसोटीला उतरली’ असे गोडवे तेव्हा भांडवली वृत्तपत्रांनी गायिले. निकाल न्यायालयाने दिला हे खरे. परंतु शनिवारच्या हुकमानंतर जनता गप्प बसली असती, तर न्यायालयासमोर हे प्रकरण घेऊन जाणारा अभियोक्ताच उरला नसता.

कंबोडियाचे कलम

परंतु खटला कशाबद्दल चालला? येथेच या संस्थेचे वर्गस्वरूप उघड होते.

१८ मार्च १९६९ रोजी, सत्तेवर येऊन दोन महिने होतात न होतात तोच, निक्सन यांच्या आदेशाने बी-५२ विमानांनी कंबोडियावर गुप्त बॉम्बवर्षाव सुरू केला. हा देश अमेरिकेशी युद्धात नव्हता. चौदा महिन्यांत साडेतीन हजारांहून अधिक उड्डाणे झाली आणि एक लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले गेले. हे सर्व अमेरिकी जनतेपासून आणि संसदेपासून लपवण्यासाठी हवाई दलाच्या नोंदींत हल्ल्यांची ठिकाणे व्हिएतनाममधील दाखवण्यात आली. म्हणजे सरकारी दप्तरातच खोटी कागदपत्रे तयार झाली. कचेरीतील घरफोडी दडपणे हा गुन्हा असेल, तर एका तटस्थ देशाची गावे बेचिराख करून त्याच्या खोट्या नोंदी ठेवणे हा काय होता?

हा प्रश्न अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीसमोर आलाही. जुलै १९७४ च्या अखेरीस समितीने महाभियोगाची तीन कलमे संमत केली : न्यायदानात अडथळा, अधिकाराचा गैरवापर आणि संसदेच्या आदेशांची अवज्ञा. चौथे कलम कंबोडियावरील गुप्त बॉम्बवर्षावाचे होते. ३० जुलैला ते १२ विरुद्ध २६ मतांनी फेटाळण्यात आले. समितीत डेमोक्रॅटिक पक्षाचे २१ सदस्य होते, म्हणजे त्यांतील किमान नऊ जणांनी या कलमाविरुद्ध मत दिले. प्रतिस्पर्धी पक्षाच्या कचेरीचे कुलूप फोडले तेव्हा दुखावलेला हा पक्ष कंबोडियाच्या शेतकऱ्यासाठी एकजुटीने उभा राहू शकला नाही.

चिलीची कथाही तीच. साल्वादोर आयेंदे यांना राष्ट्राध्यक्षपद मिळू नये यासाठी हालचाली करण्याचा आदेश निक्सन यांनी सप्टेंबर १९७० मध्ये सीआयएला दिला होता. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने आयेंदे यांचे निवडून आलेले सरकार उलथवले आणि राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर बॉम्ब टाकले. हे सांतियागोत घडत होते तेव्हा वॉशिंग्टनमध्ये कॉक्स ध्वनिफितींसाठी न्यायालयात झगडत होते. पुढे १९७५ मध्ये सिनेटच्या समितीने चिलीतील कारवायांचा तपशील प्रसिद्ध केला. त्या कारवायांबद्दल अमेरिकेत खटला कोणावरही झाला नाही. सत्ताधारी वर्गाच्या एका गटाने दुसऱ्या गटाविरुद्ध केलेला अपराध आरोपपत्रात येतो, आणि त्या वर्गाच्या एकमताने परक्या जनतेविरुद्ध झालेला अपराध ‘राष्ट्रीय धोरण’ या नावाखाली आरोपपत्राबाहेर राहतो.

क्षमादानाचा दरवाजा

राजीनाम्यामुळे निक्सन सामान्य नागरिक झाले. आता जॉवर्स्की यांना त्यांच्यावर रीतसर खटला भरता आला असता. मार्च १९७४ मध्ये ग्रँड ज्यूरीने निक्सन यांच्या सात सहकाऱ्यांवर आरोप ठेवताना त्यांना कटातील सहभागी म्हणून नोंदवलेही होते. परंतु ८ सप्टेंबर १९७४ रोजी, राजीनाम्याला महिना होण्याआधी, जेराल्ड फोर्ड यांनी निक्सन यांना संपूर्ण माफी दिली. २० जानेवारी १९६९ ते ९ ऑगस्ट १९७४ या काळात त्यांनी केलेल्या किंवा केले असतील अशा सर्व संघराज्यीय गुन्ह्यांना ती लागू होती. आरोप नाही, सुनावणी नाही, शिक्षा नाही. माफी मात्र आधीच. हाताखालचे लोक तुरुंगात गेले. ज्याच्यासाठी ते गेले, त्याने १९७७ मध्ये दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत सांगितले की राष्ट्राध्यक्ष एखादी गोष्ट करतो तेव्हा ती बेकायदेशीर ठरत नाही.

हाच दरवाजा पुढे पुन्हा उघडण्यात आला. इराणला गुप्तपणे शस्त्रे विकून त्या पैशातून निकाराग्वाच्या क्रांतिकारी सरकारविरुद्ध लढणाऱ्या काँट्रा टोळ्यांना मदत केल्याचे १९८६ मध्ये बाहेर आले. त्या डिसेंबरमध्ये लॉरेन्स वॉल्श हे स्वतंत्र अभियोक्ते नेमले गेले. १९७८ च्या कायद्यानुसार अशी नेमणूक आता न्यायाधीशांचे मंडळ करत होते. ही निश्चित सुधारणा होती. तरीही वॉल्श यांच्या खटल्यांचा मुख्य आशय अमेरिकी संसदेशी खोटे बोलणे आणि पुरावा दडवणे एवढाच राहिला. निकाराग्वाविरुद्धच्या कारवायांत अमेरिकेने आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग केला, असा निकाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २७ जून १९८६ रोजी दिला होता. वॉशिंग्टनच्या कोणत्याही आरोपपत्रात त्याला जागा मिळाली नाही. माजी संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर यांचा खटला उभा राहण्याच्या तोंडावर, २४ डिसेंबर १९९२ रोजी, जॉर्ज बुश यांनी त्यांच्यासह सहा जणांना माफी दिली. बुश हे रेगन यांचे उपराष्ट्राध्यक्ष होते, आणि चौकशीची झळ त्यांच्यापर्यंतही पोहोचत होती.

१९९९ मध्ये तो कायदा मुदत संपून लयाला गेला. बिल क्लिंटन यांच्यामागे लागलेल्या केनेथ स्टार यांची चौकशी जमिनीच्या व्यवहारातून खाजगी आयुष्यापर्यंत भरकटली होती आणि दोन्ही पक्षांना ही संस्था नकोशी झाली होती. नेमणूक पुन्हा न्यायखात्याच्या हाती आली. जॅक स्मिथ नेमले गेले ते याच व्यवस्थेखाली.

अभयदानाचा कायदा

१ जुलै २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की राष्ट्राध्यक्षाला त्याच्या गाभ्याच्या घटनात्मक अधिकारांतील कृत्यांबद्दल फौजदारी कारवाईपासून संपूर्ण संरक्षण आहे, आणि इतर अधिकृत कृत्यांबद्दलही ते आहे असे गृहीत धरावे लागेल. दोन आठवड्यांनी फ्लोरिडातील न्यायाधीशांनी स्मिथ यांची नेमणूकच अवैध ठरवून कागदपत्रांचे प्रकरण फेटाळले. १९७४ मध्ये याच सर्वोच्च न्यायालयाने निक्सन यांचा विशेषाधिकाराचा दावा धुडकावला होता. पन्नास वर्षांनी निक्सन यांचे मुलाखतीतील उद्गार मोठ्या अंशाने कायद्याच्या भाषेत अवतरले.

भारतीय वाचकाला हा सूर अपरिचित नाही. १२ जून १९७५ च्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालानंतर आणीबाणी आली. त्या काळात, ९ ऑगस्ट १९७५ रोजी, राज्यसभेने एकेचाळीसाव्या घटनादुरुस्तीचे विधेयक संमत केले. पंतप्रधानपदावर येऊन गेलेल्या व्यक्तीवर पदापूर्वीच्या किंवा पदावरील कृत्यांबद्दल आजन्म फौजदारी कारवाई होऊ नये, अशी त्यात तरतूद होती. ते लोकसभेत संमत झाले नाही. पुढे १९७७ मध्ये शहा आयोग नेमला गेला व १९७९ मध्ये विशेष न्यायालयांचा कायदा झाला. परंतु जनता पक्षाचे सरकार आपसांतील भांडणांत कोसळले, जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी सत्तेवर परतल्या आणि ते खटले तडीस गेले नाहीत. तुरुंगवास भोगलेल्या हजारो स्थानबद्धांच्या वाट्याला आयोगाचे अहवाल तेवढे आले.

मागणीचा खरा अर्थ

असे असेल तर विशेष अभियोक्त्याची मागणी सोडून द्यावी काय? असा निष्कर्ष काढणे ही घोडचूक ठरेल. कॉक्स नसते तर फितींचे अस्तित्व कळूनही त्या बंद कपाटात राहिल्या असत्या. वॉल्श नसते तर गुप्त युद्धाची कित्येक टिपणे कधीच उजेडात आली नसती. राज्यकर्त्याला जाब विचारण्याचा हक्क जनतेने झगडून मिळवलेला आहे, आणि तो मर्यादित असला तरी टाकून देण्याजोगा नाही. ‘जुने उकरू नका, पुढे पहा’ हा उपदेश नेहमी अपराध्याच्या बाजूने येतो.

दुसरा आक्षेप सूडाचा. नवे राज्यकर्ते जुन्यांवर खटले भरू लागले तर लोकशाही टिकेल काय, असे विचारले जाते. ही भीती निराधार नाही. तपासयंत्रणा सत्तेच्या हाती असेल तर चौकशीचे हत्यार विरोधकांवर चालवले जाते. परंतु त्यावर उपाय चौकशी टाळणे हा नव्हे. अभियोक्त्याची नेमणूक आणि बडतर्फी दोन्ही सरकारच्या हातून काढून घ्याव्यात. आपल्याच सहकाऱ्यांना माफी देण्याचा अधिकार राज्यकर्त्यास नसावा. चौकशीची कागदपत्रे ठरावीक मुदतीत जनतेसमोर यावीत. आणि परदेशातील जनतेविरुद्ध केलेले अत्याचार ‘धोरण’ म्हणून आरोपपत्रातून वगळता येऊ नयेत. या कसोट्यांना उतरणारी चौकशी सूड म्हणता येणार नाही.

या अटी कोणताही सत्ताधारी वर्ग आपखुशीने मान्य करणार नाही. १९७३ च्या त्या शनिवारी निक्सन यांच्या हाती हुकूम काढण्याची सत्ता होती आणि तो अमलात आणणारा अधिकारीही मिळाला होता. त्यांना माघार घ्यायला लावली ती देशभरातून आलेल्या निषेधाच्या तारांनी. पुढे माफीचा कागद निघाला तेव्हा ती जागरूकता ओसरली होती. कंबोडियाच्या कलमासाठी तर ती पुरेशी उभीच राहिली नव्हती. अभियोक्ता कोण नेमला गेला यावर समाधान मानून घरी परतणाऱ्या चळवळीला आरोपपत्र कोरे मिळते. ते वाचून, त्यात काय वगळले आहे हे गावोगाव सांगणाऱ्या चळवळीलाच न्यायाची काही आशा करता येते.