लॅपटॉपचें ग्राफिक्स कार्ड बदलतां येईल काय ?

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांत हल्लीं एक प्रश्न वारंवार कानीं पडतो. दोन-तीन वर्षांपूर्वीं मोठ्या हौसेनें घेतलेला 'गेमिंग' लॅपटॉप आतां नव्या खेळांस पुरा पडत नाहीं. तेव्हां त्याचें ग्राफिक्स कार्ड तेवढें काढून नवें बसवावयाचें, तर तें मिळेल कोठें? कित्येक वडील मंडळी हा प्रश्न खेळाचें खूळ म्हणून झिडकारून टाकतात. आम्हांस तसें करणें बरोबर वाटत नाहीं. ज्या यंत्रावर मुलगा संध्याकाळीं खेळतो, त्याच यंत्रावर तो व्हिडिओ जुळवितो, घन आकृत्या काढतो व पुढें कॉलेजांतील प्रकल्पही पुरे करतो. आणि तें यंत्र बहुधा घरच्या शिलकेंतून, नाहीं तर हप्त्यांनीं घेतलेलें असतें. म्हणून ह्या प्रश्नास सरळ उत्तर मिळालें पाहिजे.

उत्तर असें कीं, बहुतेक लॅपटॉपांत 'कार्ड' म्हणून निराळी वस्तु नसतेच. टेबलावरच्या संगणकांत ग्राफिक्स कार्ड ही स्वतंत्र पाटी असते. ती खांचेंतून उपसून दुसरी बसवितां येते. लॅपटॉपांत तीच चिप व तिच्या भोंवतालची मेमरी मदरबोर्डवरच कथिलाच्या शेंकडों बारीक गोळ्यांनीं झाळून टाकलेली असते. कुशल कारागीर ती चिप उकलून पुन्हां बसवूं शकतात, व धंद्यांत ह्या कामास 'रिबॉलिंग' म्हणतात. परंतु ही दुरुस्ती झाली. वरच्या पिढीची चिप त्या जागीं बसवूं म्हटलें, तर तिच्या पायांची रचना निराळी, विजेची मागणी निराळी, बायोस निराळें. एवढें सगळें बदलण्यापेक्षां मदरबोर्डच बदलावा लागेल, आणि त्याची किंमत ऐकून माणूस मुकाट्यानें घरीं परततो.

त्यांत नांवांचा घोटाळा आहे तो वेगळाच. टेबलावरच्या 'आरटीएक्स ४०९०' कार्डांत १६,३८४ गणनकेंद्रें व २४ जीबी मेमरी असते; त्याच नांवाच्या लॅपटॉपच्या चिपेंत ९,७२८ केंद्रें व १६ जीबी मेमरी. 'आरटीएक्स ४०६०' हें नांव धारण करणारी लॅपटॉपची चिप एका यंत्रांत ३५ वॅटांवर चालते, तर दुसऱ्यांत ११५ वॅटांपर्यंत जाते. ह्या नामसादृश्यामुळें विद्यार्थी फसतो. मुंबईस लॅमिंग्टन रोडवर (ह्या रस्त्यास डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें नांव दिलें, तरी लोकांच्या तोंडीं जुनेंच राहिलें) कांचेपलीकडे त्याच नांवाचा खोका पाहून त्यास वाटतें कीं, आपलें काम झालें. तो खोका त्याच्या लॅपटॉपाहूनही जाड असतो, हें मागाहून ध्यानांत येतें.

लॅपटॉपांत सुटें कार्ड कधींच नव्हतें, असें मात्र नाहीं. एन्व्हिडिया कंपनीनें २००४ सालीं कांहीं लॅपटॉप कारखानदारांस बरोबर घेऊन 'एमएक्सएम' नांवाचें एक सामाईक माप ठरविलें. त्याच्या तिसऱ्या आवृत्तींत ८२ बाय ७० व ८२ बाय १०५ मिलिमीटर अशा दोन आकारांच्या पाट्या नेमल्या होत्या. डेलचा प्रिसिजन एम ६८००, एचपीचा झेडबुक १७, तसेच तैवानच्या क्लेव्हो कंपनीचे कित्येक जाड लॅपटॉप ह्याच पद्धतीचे. असे लॅपटॉप जुन्या बाजारांत अद्याप आढळतात, व त्यांच्या धन्यांनीं दोन-दोन वेळां कार्डें बदलल्याचीं उदाहरणेंही आहेत. मग ही चाल मोडली कां ? लोकांस यंत्र पातळ पाहिजे होतें व कारखानदारांस स्वस्त, हें एक कारण. दुसरें असें कीं, माप एक होतें, पण मेळ नव्हता. शीतकाच्या स्क्रूंचीं भोंकें, मेमरीच्या चिपांची जागा व विजेच्या भागांची उंची ह्यांत ज्याची त्याची तऱ्हा. आमच्या परिचयाच्या एका विद्यार्थ्यानें सुटींत शिकवण्या करून जमविलेल्या पैशांतून परदेशाहून असें एक जुनें कार्ड मागविलें. कार्ड खांचेंत चपखल बसलें. पण तांब्याचा शीतक चिपेवर टेकेना. घासूनपुसून तो टेकविला, तेव्हां बायोसनें कार्डास ओळख देण्याचें नाकारलें. माल सदोष नाहीं म्हणून विक्रेता तें परत घेईना, आणि त्याचें म्हणणें खोटेंही नव्हतें. त्या मुलाच्या मेजाच्या खणांत तें कार्ड अजून पडून आहे.

आमचा रोख विद्यार्थ्यांवर नसून कारखानदारांवर आहे. २०१९ सालीं डेल कंपनीनें 'एलियनवेअर एरिया-५१ एम' नांवाचा लॅपटॉप काढला. त्यांतील ग्राफिक्सची पाटी सुटी होती, परंतु तिचें माप कंपनीचें खासगी. बढतीचें आश्वासन देऊन माल विकला आणि पुढील पिढीचीं कार्डें त्यांत बसत नाहींत, अशी फिर्याद २०२१ सालीं कॅलिफोर्नियांतील न्यायालयांत एका ग्राहकानें दाखल केली. फिर्यादीच्या गुणदोषांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. पण जी खांच एकाच कंपनीच्या मर्जीवर अवलंबून, ती उघडी असून नसल्यासारखीच होय.

हें काम मुळींच अशक्य आहे, असा बचाव मात्र आतां चालणार नाहीं. सॅन फ्रान्सिस्को येथील फ्रेमवर्क कंपनीनें २०२३ सालीं एक सोळा इंची लॅपटॉप जाहीर केला. त्याच्या पाठीमागच्या खांचेंत ग्राफिक्सची पाटी पंख्यांसह सरकवून बसवितां येते. २०२४ सालीं तो गिऱ्हाइकांच्या हातीं पडूं लागला, तेव्हां त्यासाठीं एएमडीची 'रेडिऑन आरएक्स ७७०० एस' पाटी होती. २०२५ सालीं त्याच खांचेसाठीं एन्व्हिडियाच्या 'आरटीएक्स ५०७०' ची पाटी निघाली, व ती पहिल्या गिऱ्हाइकांसही घेतां येते. तथापि हीही एका कंपनीचीच खांच. टेबलावरच्या संगणकांत २००४ सालीं आलेली पीसीआय एक्सप्रेसची खांच आजही तीच आहे, कारण ती कोणा एकाची मिरास नाहीं. लॅपटॉपांतही रॅम कोणत्याही कंपनीची चालते. ग्राफिक्सच्या पाटीस तसेंच सर्वमान्य माप लावावें व लॅपटॉप थोडा जाड झाला तरी होऊं द्यावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं जगांत ६ कोटि २० लक्ष टन इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला, व त्यांतील एक चतुर्थांशाहून कमी भागाचीच रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. पडदा शाबूत, कळफलक शाबूत, केवळ एक चिप मागें पडली म्हणून संबंध यंत्र त्या ढिगांत जावें, ह्यांत शहाणपण तें कोणतें ?

राहतां राहिला बाहेरून कार्ड जोडण्याचा मार्ग. थंडरबोल्टची सोय असलेल्या लॅपटॉपास स्वतंत्र पेटींत ठेवलेलें टेबलावरचें कार्ड जोडतां येतें. पण त्या वायरींतून जाणारा मजकूर मदरबोर्डच्या खांचेइतका भरधाव जात नाहीं, म्हणून कार्डाचें कांहीं बळ वाटेंतच सरतें. निराळा पडदा जोडल्यास तोटा कमी होतो. पेटी, कार्ड, विजेचा पुरवठा व पडदा ह्यांचा खर्च मांडून पाहिला, तर टेबलावरचा संगणकच कां घेऊं नये, असें वाटूं लागतें. २०२२ च्या सप्टेंबरांत इथेरियम नाण्याची पद्धत बदलून त्याचें कार्डांवरील उत्खनन थांबलें, तेव्हांपासून रात्रंदिवस राबविलेलीं कार्डें जुन्या बाजारांत पुष्कळ आलीं. तीं घेण्यापूर्वीं समक्ष चालवून पाहावीं.

जवळ आहे त्या लॅपटॉपाचें काय करावें ? प्रथम तो उघडून पंख्यांतील धूळ काढवावी व चिपेवरील वाळलेली पेस्ट बदलवावी. तापलेली चिप आपणहून वेग उतरविते, आणि कित्येकदां 'कार्ड जुनें झालें' ह्या तक्रारीचें मूळ तेवढेंच असतें. आंत रॅमची एकच कांडी असेल, तर तशीच दुसरी घालावी. दोन वाटांनीं काम होऊन खेळांतही फरक दिसतो. ४ जीबी मेमरीच्या चिपेवर चित्रांची बारीक कलाकुसर कमी ठेवावी. एएमडीची 'एफएसआर' ही युक्ति २०२१ पासून जुन्या एन्व्हिडिया चिपांवरही चालते. खेळांत ती असेल तर वापरावी. आणि ज्यांस ह्या वर्षीं नवा लॅपटॉप घ्यावयाचा आहे, त्यांनीं दुकानदारास तीन गोष्टी विचाराव्या : ग्राफिक्सची चिप किती वॅटांची, तिची मेमरी किती, व रॅमची दुसरी खांच मोकळी आहे काय. तो 'पुढें कार्ड बदलून मिळेल' असें म्हणाला, तर तें वाक्य बिलावर लिहून मागावें.